पाणी तापवायचे, पण कुठे?

डिसेंबर लागला की नाशिककरांच्या बोलण्यात निफाड येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी होते. द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आणि इकडे शहरात, कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत, घरोघरी गीझरची आठवण होते. उन्हाळा-पावसाळाभर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेले नसते. मग प्लंबरला फोन जातात. पेटत नाही, पाणी कोमटच येते, पेटताना भसकन आवाज होतो. प्लंबर येतो, सेल बदलतो, बर्नर झाडतो, फार तर आतला रबरी पडदा नवा घालतो, एकदा पेटवून दाखवतो आणि पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. त्याच्यावर दहा घरे थांबलेली असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की बाथरूममध्ये टांगलेल्या गॅस गीझरची ही दुरुस्ती निरुपयोगी आहे. किंबहुना ती घातक आहे, कारण बंद पडलेला गीझर कोणाचा जीव घेत नाही, चालू असलेला घेतो. अशा घरात एकच दुरुस्ती करण्याजोगी असते. गीझर तिथून काढायचा आणि उघड्या हवेत न्यायचा.

दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे कोणीतरी अंघोळीला गेलेले परत बाहेर येत नाही. नाशिकमध्येही अशा बातम्या येऊन गेल्या आहेत. त्या बातमीचा मथळा बहुधा ठरलेला असतो, ‘गीझरमधून गॅसगळती होऊन मृत्यू’. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि ते चुकल्यामुळेच उपायही चुकतो. बातमी वाचून माणूस काय करतो? गॅसची नळी बदलतो, रेग्युलेटर तपासतो, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतो आणि निर्धास्त होतो. घरगुती गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती झाली तर नाकाला कळते. पण गळती न होता, गॅस अगदी नेमका बर्नरवरच जळत असताना, खोलीतली हवा अपुरी पडली की तयार होतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे होत नाही. डोके जड होते, पाय लटके पडतात. कडी काढायला हवी असे वाटेपर्यंत कडीपर्यंत हात नेण्याची ताकद उरलेली नसते.

हवेचा हिशेब कोणालाही करता येईल. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर सुरू असेल, तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला सुमारे दोन घनमीटर. आता बाथरूम मोजा. चार बाय सहाचे, आठ फूट उंचीचे. त्यात सगळी मिळून हवा भरते जेमतेम साडेपाच घनमीटर. शिवाय आपल्याकडच्या या लहान गीझरला धुराडे नसते, जळलेली हवा वरच्या झरोक्यातून त्याच खोलीत सुटते आणि बर्नर तीच पुन्हा ओढतो. ऑक्सिजन जसजसा उतरत जातो तसतशी निळी ज्योत पिवळी पडते आणि विषारी वायूचे प्रमाण झपाट्याने चढते. घरातला दुसरा माणूस लगोलग अंघोळीला गेला की तो पहिल्याने वापरून टाकलेल्या हवेत शिरतो. थंडी असल्यामुळे खिडकीच्या काचा बंद, दाराखालच्या फटीला पायपुसणे. यात गीझरचा काय दोष? तो बरोबर चालला आहे. चुकली आहे ती जागा.

आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण ही गोष्ट त्यांच्या घरांत पाळली जात होती. बंबाची रचना आठवून पाहा. बाहेरून तांब्याचे पिंप, मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, वर धुराचे तोंड, बाजूला पितळी तोटी. नळीत वरून करवंट्या, ढलप्या, गोवरीचे तुकडे टाकायचे. द्राक्षाच्या पट्ट्यात छाटणीनंतरच्या वाळक्या काड्याही चालायच्या. खालून हवा आत ओढली जायची, वरून धूर निघायचा आणि मधल्या नळीला बिलगलेले पाणी तापायचे. आगीला आत यायची एक वाट आणि बाहेर पडायची दुसरी, हे त्या भांड्याच्या घडणीतच होते. आणि हा बंब ठेवलेला असे अंगणात, परसात, फार तर न्हाणीबाहेरच्या ओट्यावर. तिथून कढत पाण्याची बादली आत न्यायची, विसण घालायचे आणि अंघोळ करायची. आग बाहेर आणि माणूस आत. मधली दहा पावले बादली उचलून चालण्याचा त्रास होता, तो सगळे निमूटपणे करत.

दुरुस्तीचेही तसेच. नाशिकच्या तांबट लेनमध्ये आणि भांडी बाजाराच्या परिसरात तांब्या-पितळेचे काम करणाऱ्यांची जुनी वस्ती. बंबाची जाळी जळून गेली, तोटी गळायला लागली, तळ झिजला, तर तो तिथे न्यायचा आणि डाग लावून आणायचा. ठोकून, झाळून, मठारून तो परत उभा राहायचा. एका पिढीने घेतलेला बंब दुसरी पिढी वापरायची आणि तिसरी मोडीत घालायची. आता तोच बंब लिंबाने घासून दिवाणखान्यात ठेवतात आणि त्यात मनीप्लांट लावतात. असो.

हे बंबाचे गोडवे नव्हेत. घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठून फुंकणी घेऊन बसायची, तिच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय व्हायचे हे कोणी विचारत नव्हते. ओली लाकडे, धुरकटलेली भिंत, पावसाळ्यातले हाल, यातले काही परत यावे असे मला वाटत नाही. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपलेली माणसे तेव्हाही सकाळी उठत नसत, आजही उठत नाहीत. मुद्दा निराळा आहे. बंब गेला हे बरे झाले, पण बंबाबरोबर धुराडेही गेले आणि त्याच्या बदल्यात काय आले, याचा हिशेब कोणी केला नाही.

तो बदल झाला कसा, हे पाहण्यासारखे आहे. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, सिडकोच्या छोट्या घरांवर मजले चढले, बिल्डरने नकाशात बाथरूम दाखवले चार बाय सहाचे. त्यात विजेच्या गीझरचा पॉइंट दिला. मग भारनियमनाची वर्षे आली. २००५ नंतर कितीतरी वर्षे महाराष्ट्रात सकाळची वीज जाणे हा नित्याचा प्रकार होता. शाळेची वेळ सांभाळायची, चार माणसांच्या अंघोळी आटपायच्या आणि वीज नाही. गॅस गीझरला वीज लागत नाही. टॉर्चच्या दोन सेलवर ठिणगी पडते, नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो, बिलही कमी. लोकांनी तो घेतला यात काही मूर्खपणा नव्हता, उलट व्यवहारज्ञानच होते. फक्त तो लावताना विजेचा गीझर जिथे होता त्याच खिळ्यांवर लावला, कारण पाण्याचे पाइप तिथेच आले होते. विजेच्या गीझरला हवा लागत नाही आणि गॅसच्या गीझरला लागते, हा फरक पाइपला दिसत नाही. तो माणसाने पाहायला हवा होता. विकणाऱ्याने पाहिला नाही, बसवणाऱ्याने पाहिला नाही, घेणाऱ्याला कोणी सांगितले नाही. ‘हवेशीर जागी बसवा’ ही सूचना माहितीपत्रकात असते, पण ते पत्रक खोक्याबरोबर रद्दीत जाते.

कायद्याकडे पाहिले तर आणखी गंमत दिसते. कोलकात्यात १८६३ साली बॉयलरचा स्फोट झाला, तिथून आपल्याकडे बॉयलरच्या कायद्यांची परंपरा सुरू झाली. १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा शंभर वर्षे चालला आणि १ मे २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले बॉयलर, मग ते तेलावर चालोत की भुशाच्या विटांवर, या कायद्याखाली येतात. जुन्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. बॉयलर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला की त्याचे प्रमाणपत्र आपोआप संपायचे. फिरते आणि अगदी लहान उभे बॉयलर तेवढे त्यातून वगळलेले. यंत्र तेच, लोखंड तेच, दाब तोच, तरी नव्या जागी पुन्हा तपासणी. कायदा करणाऱ्यांना जागा हा यंत्राचाच भाग वाटत होता. पण हाच कायदा पंचवीस लिटरपेक्षा कमी मापाची किंवा पाणी शंभर अंशांच्या आतच तापवणारी भांडी आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. वाफेच्या दाबाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, घरातला गीझर काही बॉयलरसारखा फुटणार नाही. मात्र त्यामुळे कारखान्यातल्या आगीवर निरीक्षक आणि घरातल्या आगीवर कोणीच नाही, अशी स्थिती झाली. गॅस एजन्सीचा माणूस तपासणीला येतो तेव्हा शेगडी, नळी आणि रेग्युलेटर बघून सही घेतो. बाथरूमचे दार उघडून आत काय टांगले आहे हे त्याने पाहिल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

इतर देशांनी याबाबत काय केले? ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमावलीनुसार बाथरूममध्ये नवे गॅसचे उपकरण बसवायचे असेल तर ते खोलीच्या हवेपासून पूर्ण बंदिस्त असावे लागते. बर्नरची हवा भिंतीबाहेरून आत येते आणि जळलेली हवा भिंतीबाहेरच जाते, खोलीशी तिचा संबंध नाही. म्हणजे आपल्या बंबाचेच तत्त्व, पत्र्याच्या पेटीत घातलेले. अमेरिकेच्या ईशान्य भागात, जिथे आता मराठी कुटुंबेही भरपूर आहेत, कितीतरी जुन्या घरांच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो, शेजारी २७५ गॅलनची तेलाची टाकी असते आणि सगळे घर त्यावर उबदार राहते. आपल्याकडून गेलेल्या माणसाला तो अजस्र प्रकार पहिल्यांदा धडकी भरवतो. पण त्या बॉयलरला स्वतंत्र धुराडे असते आणि हिवाळ्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून त्याचे नॉझल, फिल्टर बदलून, काजळी झाडून घ्यायची रीत आहे. तो हलवायचा झाला तर आधी धुराड्याची वाट ठरते, मग बॉयलरची जागा. तरीही अपघात होतात. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे जानेवारी २००५ मध्ये बर्फ साचून घराच्या तापयंत्रणेचे धुराचे तोंड बुजले आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, तो तिच्या नावाने ‘निकोल्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. इंधन जाळणारे उपकरण असलेल्या प्रत्येक राहत्या घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर त्याने सक्तीचा केला. आपल्याकडे असा गजर विकत मिळतो, हेच बहुतेकांना माहीत नाही.

गीझर बाहेर काढा म्हटले की उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, आम्ही पंधरा वर्षे वापरतो आहोत, काही झाले नाही. पंधरा वर्षांपूर्वी बर्नर नवा होता, खिडकीला उघड्या पट्ट्या होत्या. आता बर्नरवर काजळी आहे आणि डास येतात म्हणून पट्ट्यांच्या जागी एकसंध काच बसवली आहे. पंधरा वर्षांपूर्वीची परिस्थिती आज उरलेली नाही, फक्त गीझर त्याच खिळ्यावर आहे.

दुसरे उत्तर, एक्झॉस्ट फॅन लावला आहे. नसण्यापेक्षा बरा, पण पंखा हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो. आणि तो लावायला विसरण्याचा दिवस कधी ना कधी येतोच, बहुधा घाईच्या सकाळी.

तिसरे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे. गीझर लांब नेला तर पाइपमध्ये पाणी गार होईल, बादलीभर वाया जाईल. हेही मोजून पाहू. अर्ध्या इंचाच्या पाइपमध्ये मीटरला दोनशे मिलिलिटरच्या आतच पाणी मावते, पाऊण इंचात सुमारे तीनशे. गीझर पाच मीटर लांब गेला तर पहिले गार पाणी येणार एक ते दीड लिटर. म्हणजे एक-दोन तांबे. गंगापूर धरणाच्या पाण्याची एवढी काळजी असेल तर ते तांबे बादलीतच पडू द्या, विसण म्हणून कामी येतील.

प्रत्यक्ष काम काय असते तेही सांगतो, कारण ते लोकांना वाटते त्यापेक्षा लहान आहे. बाथरूमच्या भिंतीला कोअर कटिंगच्या मशीनने दोन भोके, गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी पाइप, चार-सहा एल्बो, गरम पाइपवर फोमचे वेष्टन, आणि कामाच्या गॅलरीत भिंतीवर गीझर. टाइल फोडावी लागत नाही, पाइप उघडाच भिंतीवरून नेता येतो. दिसायला चांगला दिसत नाही, हे खरे. बहुतेक घरांत सिलिंडर आधीच गॅलरीजवळ असतो, त्यामुळे गॅसची नळी उलट आखूड होते. वाऱ्याने ज्योत विझते अशी तक्रार येते. त्यासाठी वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करावा, पण गीझर कपाटात कोंडू नये.

मात्र बाहेर म्हणजे कुठेही नव्हे, आणि इथे हुशार माणसेही चुकतात. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये गीझर टांगणे हा प्रकार मी अनेक इमारतींत पाहिला आहे. त्या डक्टमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. आपली अंघोळ सुरक्षित झाली, वरच्यांची धोक्यात आली. दुसरी चूक गॅलरीची. आधी गीझर गॅलरीत नेतात आणि पुढच्या दिवाळीत धूळ येते, कबुतरे येतात म्हणून त्याच गॅलरीला सरकत्या काचा लावून ती पूर्ण बंद करतात. झाली पुन्हा खोली. शिवाय तिथे आता कपडे वाळत घालणारी किंवा भांडी घासणारी बाई उभी असते, तिचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. काचा लावायच्या तर वरची आणि खालची पट्टी कायमची उघडी राहिली पाहिजे. बेडरूमच्या खिडकीलगतही गीझर नको.

खरा अवघड प्रश्न भाडेकरूंचा आहे. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, भाडेकरू अकरा महिन्यांसाठी दुसऱ्याच्या भिंतीवर पैसे घालणार नाही आणि एक खोली-स्वयंपाकघराच्या घरात गॅलरीच नसते. अशा घरात मी गॅस गीझर हलवा असे म्हणणार नाही, तो काढून टाका असे म्हणेन. पंचवीस लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला विजेचे सव्वा युनिट पुरते. तेही परवडत नसेल तर स्वयंपाकाच्या शेगडीवर पातेले ठेवून पाणी तापवणे गैरसोयीचे खरे, पण तिथे निदान कडी लावून कोणी बसलेले नसते. सोलरचा पर्याय बंगल्यांना आणि नव्या सोसायट्यांना उत्तम. नाशिकच्या गच्च्यांवर त्या नळकांड्या आता सगळीकडे दिसतात. पण बोअरच्या पाण्याने क्षार धरले की तेही दुरुस्तीवाल्याच्या हवाली होतात आणि ढगाळ दिवसांत शेवटी आधार लागतोच.

काम करायचे कोणी? घरोघरी निरीक्षक पाठवणे महापालिकेला झेपणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण नव्या इमारतीला भोगवटा दाखला देताना, गॅस गीझरसाठी उघड्या हवेतली जागा आणि तिथपर्यंत पाण्याचे पाइप आहेत का, एवढे पाहता येईल. बिल्डरला बांधतानाच ते पाइप टाकायला कितीसा खर्च येतो? गॅस एजन्सीच्या तपासणीच्या कागदावर ‘गीझर कुठे आहे’ असा एक रकाना वाढवता येईल. आता शहरात पाइपचा गॅस येतो आहे, घरोघरी जोडणीवाले फिरताहेत. त्यांनी जोडणी देतानाच बाथरूममधल्या गीझरला नकार द्यावा. आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण होते, त्यातली दहा मिनिटे या विषयाला दिली तरी पुरे. कोणाच्या घरात गीझर कुठे आहे, याची यादी सचिवाला एका संध्याकाळी करता येते.

तोवर घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि कामाच्या बाईंनाही, एक गोष्ट सांगून ठेवावी. अंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडायला कचरू नये. आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि तडक ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. फिट आली, चक्कर आली, एवढेच सांगून थांबू नये. डॉक्टरांच्या लिखाणात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नाव रुळले आहे, पण समोर आलेला रुग्ण बाथरूममधून आणला आहे आणि तिथे गॅस गीझर होता, हे कोणी सांगितले नाही तर अपस्माराचे उपचार सुरू होऊ शकतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि ऑक्सिजन असलेले रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही, ते ९८ दाखवत राहते.